अमीना अल-सिराफी कोणी पूर्ण वाचलीये का? मी शंभर पानांवर अडकलोय

काठावरचा:
मंडळी, शॅनन चक्रबर्तीची 'द ॲडव्हेंचर्स ऑफ अमीना अल-सिराफी' कोणी वाचलीये का? २०२३ ची आहे, ह्यूगोच्या (विज्ञानकथा-फँटसीचा पुरस्कार) २०२४ च्या अंतिम यादीत पण होती म्हणून मोठ्या हौसेने घेतली, १२वं शतक, हिंदी महासागर, चाचे, जादू, म्हणजे माझ्यासाठीच लिहिलीये असं वाटलं. आता शंभर-सव्वाशे पानं झाली आणि अजून अमीनाबाई जुने मित्रच गोळा करतायत. एक विषवाली, एक नकाशेवाला, एक अमुक एक तमुक. अरे समुद्र कुठाय? मला वादळ पाहिजे, शीड फाटलं पाहिजे, तळातून काहीतरी अजस्र वर आलं पाहिजे. आणि मध्येमध्ये तिची गोष्ट लिहून घेणारा तो लेखनिक घुसतो आणि दोघांची आपसात बाचाबाची. पुढे पकड घेते का सोडून देऊ? स्पॉयलर नको प्लीज, निदान मोठे नकोत.

तिसरी_घंटा:
सोडू नकोस. राक्ष येईपर्यंत तरी थांब. अमीनाच्या नवऱ्याचं नाव राक्ष आहे म्हटल्यावर आपल्या लोकांना जे कळायचं ते कळतंच, इंग्रजी वाचकाला बिचाऱ्याला वेळ लागत असेल 😄

नाळेवर_बसलेली:
मी दोनदा वाचली आणि पहिल्यांदा माझं पण सेम झालं होतं. पण तू ज्याला 'मित्र गोळा करणं' म्हणतोयस ना तीच खरी गोष्ट आहे असं मला दुसऱ्यांदा वाचताना वाटलं. ही बाई दहा वर्षांपूर्वी सगळं सोडून घरी बसलीये, मुलगी आहे, आई आहे, गुडघा दुखतोय (गुडघा दुखणारी नायिका फँटसीत दाखवा मला दुसरी!) आणि जी म्हातारी तिला कामाला लावते ती कोणाची आई आहे हे बघ. जो पोरगा हिच्या जहाजावर गेला आणि परत आला नाही त्याची आई. म्हणजे पैशाची लालूच आहे, धमकी पण आहे, पण खाली काय आहे तर माझ्या जहाजावरचा माणूस मेला आणि मी नाखवा होते. तेवढं एक लक्षात ठेवून ते मित्रांचे प्रसंग परत वाच, प्रत्येक जण हिच्याकडे कसा बघतो ते बघ. तुझा नकाशेवाला मजीद मोगादिशूत बायकापोरांत रमलाय आणि ही दारात उभी. त्याला यायचंही आहे आणि हिला बघून पोटात गोळाही आलाय. त्या प्रसंगात पाण्याचा थेंब नाही तरी मला तो अख्ख्या पुस्तकातला सगळ्यात समुद्री वाटतो.

आणि हो, ती स्वतःला नाखुदा म्हणवते तो म्हणजे आपला नाखवाच, फारसीतून आलेला. इंग्रजी पानावर तो शब्द दिसला आणि मी एकदम सरळ बसले. एरवी अशा पुस्तकात कॅप्टन, कॅप्टन करून डोकं उठतं, इथे शब्द आपल्या घरचा निघाला.

लेखनिकाची चिडचिड मात्र सहन कर. तो कोण आहे त्याला कारण आहे, बास, पुढे बोलत नाही.

कडू_कारलं:
मी विरुद्ध पार्टी. पूर्ण वाचली, वेळ वाया गेला असं नाही म्हणणार पण एवढं डोक्यावर घेण्यासारखं काय आहे ते अजून कळलं नाही. खलनायक फाल्को बघा, फ्रँक (म्हणजे युरोपातला) आहे, हावरट आहे, जादूच्या वस्तूंमागे लागलाय, संपलं. ज्याच्यामुळे एवढी धावपळ चाललीये त्याची भीतीच वाटत नाही. दुसरं म्हणजे सगळे जण आजच्या माणसांसारखे टोमणे मारतात. हशा येतो, नाही असं नाही, पण गळ्याशी आलेलं असताना पण टोमणा? एकदा ठीक, दोनदा ठीक, मग मला जहाज डुगडुगताना दिसायचं बंद होतं, फक्त संवाद ऐकू येतात.

आणि माझा मुख्य राग वाऱ्यावरून. या समुद्रात वारा म्हणजे कॅलेंडर. हिवाळ्यात ईशान्येचा वारा, तो हिंदुस्थानकडून अरबस्तान-आफ्रिकेकडे नेतो, उन्हाळ्यात नैऋत्येचा, तो उलटा आणतो, आणि ऐन जून-जुलैत इतका उसळतो की शहाणा माणूस जहाज बाहेर काढत नाही. मोसम चुकला की पुढचे कित्येक महिने परक्या बंदरात माशा मारत बसा. केवढं मोठं हत्यार आहे हे लेखकाच्या हातात! पुस्तकात वाऱ्याचे उल्लेख येतात पण त्याची धास्ती मला तरी बसली नाही. अरबी समुद्रातलं सोकोत्रासारखं बेट घ्यायचं, जिथे त्या दिवसांत जवळजवळ जाताच येत नाही, आणि मग 'आता नाही निघालो तर अडकलो' हा घाम वाचकाला फोडायचा नाही, याला काय म्हणावं.

काथ्याकूट:
कडू_कारलं, वाऱ्याबद्दल अर्धं पटलं. पण लेखिका समुद्र वाचून आलीये हे तरी मान्य करा. तिची आधीची देवाबाद त्रयी एस. ए. चक्रबर्ती नावाने होती, पहिला भाग २०१७ चा, ती जास्त राजवाड्यातली, जिन्नांचं राजकारण वगैरे. इथे तिने मुद्दाम राजेरजवाडे बाजूला ठेवले आणि खलाशी, दलाल, चाचे घेतले. त्या काळची माणसं खरंच अशी सरमिसळ होती, उगाच आजच्या फॅशनचं म्हणून घातलेलं नाही. अब्राहम बेन यिजू नावाचा ज्यू व्यापारी १२व्या शतकात एडनहून येऊन कित्येक वर्षं मंगळुरात राहिला, त्याची पत्रं कैरोच्या एका सिनेगॉगच्या कोठीत सापडली. मालाची रड, हिशोब, घरच्या भानगडी, सगळं. ते माहीत असलं की अमीनाच्या टोळीत मलबारकडचा तिनबू असण्यात काही खटकत नाही.

मला स्वतःला या पुस्तकाने शिवलेल्या जहाजांचं वेड लावलं. त्या काळची इकडची जहाजं खिळे ठोकून नाही, शिवून बांधायचे! फळीच्या कडेला भोकं पाडायची, फळीला फळी भिडवायची, काथ्याची दोरी ओवून करकचून ओढायची, भोकं बुजवायची, वरून माशाचं तेल. वाचताना आपल्याला वाटतं हे फुटणारच, मार्को पोलोलाही तसंच वाटलं होतं, इराणकडच्या होर्मुझ बंदरातली जहाजं बघून त्याने नाकं मुरडली. पण शिवण लवचिक असते, किनाऱ्याच्या लाटेवर आपटलं तरी लाकूड जरा दबतं आणि सावरतं. खिळे का नाहीत याची तेव्हाची एक दंतकथा अशी की समुद्रात चुंबकाचे डोंगर आहेत आणि ते खिळे ओढून घेऊन जहाजाच्या फळ्या सुट्या करतात. आता मला सांगा, लोक हेच खरं मानून जहाजावर चढत होते तर फँटसी वेगळी ती काय लिहायची? म्हणून मला या पुस्तकात जादू बाहेरून चिकटवलेली वाटली नाही.

(अवांतर: भारतीय नौदलाचं कौंडिण्य जहाज बघा कोणी तरी, अजिंठ्याच्या चित्रातल्या ५व्या शतकातल्या जहाजावरून शिवून बांधलंय, २०२५ मध्ये नौदलात आलं. मी त्याच्या शिवणीचे फोटो झूम करून करून बघतो, घरचे वैतागलेत.)

कडू_कारलं:
काथ्याकूट, आयडी सार्थ केलीत 😀 पण तुम्ही जे सांगितलंत ते पुस्तकात एवढं रंगून आलंय का? तुम्ही आपल्या माहितीने रिकाम्या जागा भरताय. लवचिक शिवण वगैरे ऐकून मला आत्ता जी मजा आली ती वाचताना नव्हती आली.

काथ्याकूट:
थोडं भरतोय, खरंय 🙈 पण पुस्तक मिटल्यावर ज्याने मला शोधायला लावलं त्याला मी मार्क देणारच. कमाल नावाचं साधन घ्या. तळहाताएवढी लाकडाची चौकोनी फळी, मध्ये दोरा, दोऱ्याला गाठी. गाठ दातात धरायची, फळी समोर ताणून खालची कड क्षितिजाला लावायची, वरच्या कडेला ध्रुवतारा टेकला की आपण आपल्या बंदराच्या अक्षांशावर आलो, मग त्याच रेषेत सरळ जायचं. ताऱ्याची उंची मोजायची बोटांत! डोलणाऱ्या जहाजावर रात्री दातात दोरा धरून उभा असलेला माणूस डोळ्यासमोर आणा, मजीदबद्दल आदर आपोआप वाढतो.

तिसरी_घंटा:
तुम्ही सगळे विद्वान लोक मांजराला विसरलात. जहाजावर मांजर आहे, नाव पायसम, उंदीर पकडण्याच्या नावाने शून्य. तीनशे पानं मी मांजरासाठी वाचली, इतिहासाचं मला काही माहीत नाही.

नाळेवर_बसलेली:
पायसम ❤️ खिरीचं नाव दिलेल्या मांजराकडून उंदरांची अपेक्षा ठेवणाऱ्यांचीच चूक आहे.

कडू, फाल्को सपाट आहे हे मी पण मान्य करते. टोमण्यांबद्दल मात्र नाही. गळ्याशी येतं तेव्हाच ही टोळी जास्त बडबडते, घाबरलेल्या माणसांची बडबड आहे ती, राक्षच्या बाबतीत तर अमीना जितका शब्दाने टोचते तितकी आतून हललेली असते. शेवट जरा घाईत उरकलाय, तिथे मात्र तुझ्याशी भांडणार नाही. त्रयी ठरवलीये म्हणून बरेच धागे लोंबते ठेवलेत.

काठावरचा:
एवढे प्रतिसाद! थँक्यू सगळ्यांना. काल रात्री परत उघडली, मजीदचा भाग पुन्हा वाचला, आणि नाळेवर_बसलेली, खरंच दारातला तो प्रसंग पहिल्या वेळी मी पानं मोजत वाचला होता. मग राक्ष आला. मग दोन वाजले. वारा मला पण कमी पडतोय, कडू, पण आता माझं लक्ष नाहीये तिकडे.

एकच विचारतो आणि जातो. पायसमला काही होत नाही ना? एवढं सांगा, नाहीतर मी इथेच थांबतो.

तिसरी_घंटा:
स्पॉयलर नको म्हणाला होतास. वाच गप.