.३७५ मॅग्नम आणि .४७० दुनळी : खांद्याला अधिक धक्का कोणाचा?

रामबागकर (इंदूर)
वडिलांच्या परवान्यावरील तीन रायफली वारसाहक्काने माझ्या नावावर करण्याची कार्यवाही चालू आहे. मात्र शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीमुळे मला त्यांतील दोनच ठेवता येतील. ईशापूरची .३१५ ठेवणार हे निश्चित आहे, कारण तिची काडतुसे आपल्याकडेच तयार होतात. निवड उरते ती आजोबांच्या दोन विलायती रायफलींमध्ये. एक .३७५ मॅग्नम (हा आकडा नळीच्या व्यासाचा, इंचांत), बोल्टची, म्हणजे दर वेळी हाताने खटका ओढून भरायची, वजन सव्वाचार किलोच्या आतबाहेर, दुसरी .४७० नायट्रो एक्स्प्रेस, दुनळी, वजन पाच किलो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही, त्यामुळे रेंजवर रीतसर परवानगीने क्वचित झाडल्या जातील, एवढाच त्यांचा उपयोग. माझा उजवा खांदा दुखरा आहे. आकड्यांवरून .४७० चा धक्का बराच मोठा दिसतो, पण घरातील वडीलधारी मंडळी नेमके उलट सांगत आली आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

महूकर
आपण पाहिलेले आकडे बहुधा धक्क्याच्या ऊर्जेचे असावेत. गोळीचे वजन गुणिले तिचा वेग, त्यात जळालेल्या दारूच्या वायूचा वाटा मिळवायचा आणि बेरजेला रायफलीच्या वजनाने भागायचे, की रायफल किती वेगाने मागे येते ते कळते. ऊर्जा त्या वेगावरून निघते. आपल्या .३७५ मधून ३०० ग्रेनची (सुमारे साडेएकोणीस ग्रॅमची) गोळी सेकंदाला ७७० मीटरने जात असेल, तर धक्का सुमारे ५५ ज्यूल भरतो आणि रायफल सेकंदाला पाच मीटरहून थोड्या अधिक वेगाने मागे येते. .४७० ची गोळी ५०० ग्रेनची, वेग साधारण ६५५ मीटर. कॉर्डाइटच्या, म्हणजे जुन्या धूररहित दारूच्या, भरणीत धक्का ८० ज्यूलच्या आसपास, पण रायफलीचा वेग मात्र साडेपाच मीटरच्या थोडा वर. ऊर्जा जवळजवळ दीडपट असूनही वेगातील फरक किरकोळ आहे, आणि खांद्याला टोचतो तो वेग.

तेवढ्याच ५०० ग्रेन वजनाच्या गोळीचे .४५८ विंचेस्टर हे काडतूस सव्वाचार किलोच्या बोल्ट रायफलीत घेतले, तर ऊर्जा ८५ ज्यूलच्या घरात, म्हणजे .४७० च्या जवळपासच राहते, पण वेग सहा मीटरच्या पुढे जातो. ती खाड्कन लागते, दुनळी ढकलते. त्याहून जबर .४६० वेदरबी काडतुसाचे तर बोलायलाच नको, तिथे ऊर्जा १४० ज्यूलपर्यंत चढते. तुलनेसाठी, हलक्या .३०-०६ काडतुसाला हा आकडा तीसच्या आसपास असतो.

जुन्या काडतुसांत दाब कमी, म्हणून धक्का सावकाश येतो, असेही पुष्कळदा सांगितले जाते. मला ते पटत नाही. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचे जेमतेम एक-दोन हजारांश लागतात, आणि एवढ्याशा काळातील फरक खांद्याला कळणे शक्य नाही. दुनळी सौम्य वाटते ती मुख्यतः वजनामुळे आणि दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाच्या, घडणीमुळे.

जुना इंदुरी
महूकरांचे गणित मान्य, परंतु दस्त्याचा विषय त्यांनी एका वाक्यात उरकला आणि खरी मेख तिथेच आहे. दस्ता फार खाली झुकलेला असेल, तर नळी वर उसळते आणि गालाचे हाड फुटल्यासारखे होते. दस्त्याचे बूड, म्हणजे खांद्याला लागणारे टोक, अरुंद असेल, तर तोच धक्का कमी जागेत एकवटतो. दस्ता अंगापेक्षा लांब असेल, तर बूड खांद्याच्या खळगीत न बसता दंडावर सरकते आणि दुसऱ्या दिवशी दंड काळानिळा होतो. बुडाचे रबर नखाने दाबून पाहावे. जुने रबर वाळून लाकडासारखे कडक होते आणि मग ते असून नसल्यासारखेच.

दुनळीबाबत आणखी एक. दोन चाप असलेल्या रायफलीचा पुढचा चाप ओढल्यावर धक्क्याने बोट मागच्या चापावर आपटून दोन्ही नळ्या एकदम सुटल्याची उदाहरणे आहेत. सरावाच्या वेळी एकच नळी भरावी. इतक्या जुन्या रायफलीची तपासणी परवानाधारक कारागिराकडून झाल्याखेरीज तिच्यात काडतूस घालूच नये. .३७५ वर दुर्बीण असेल, तर डोळा तिच्यापासून पुरेसा दूर राहतो ना, हेही पाहावे, नाहीतर भुवई फुटते. आणि बाकावर टेकून झाडू नये. उभे राहून झाडल्यास अंग मागे झुकून धक्का पचवते, बाकावर तो सगळा खांदाच सोसतो.

रामबागकर (इंदूर)
दोघांचाही आभारी आहे. .३७५ वर दुर्बीण नाही. कोपर काटकोनात वाकवून दोन्ही दस्ते त्याच्या आतल्या बाजूस टेकवून पाहिले. .३७५ चा चाप बोटाच्या पहिल्या पेरावर नीट येतो, .४७० च्या चापापर्यंत मात्र बोट ओढून न्यावे लागते. आजोबा उंचेपुरे होते, दस्ता त्यांच्या मापाचा असणार. दोन्हींचे रबर कडक झाले आहे. .४७० चा दस्ता कापून घेणे योग्य ठरेल काय?

महूकर
कृपया कापू नये. मूळ दस्ता असलेल्या विलायती दुनळीला संग्राहकांकडून जी किंमत येते, ती दस्त्याला करवत लागताच घसरते, आणि काडतुसे मिळवण्याची अडचण तशीच राहते. .३७५ चे रबर बदलून घ्या, जुन्याच्याच जाडीचे बसवा म्हणजे लांबी बिघडणार नाही, आणि .४७० परवानाधारक विक्रेत्याकडे जशी आहे तशी सोपवा.