क्रोमोग्रॅनिन वाढलंय, घाबरायचं का?

आईच्या (वय ६३) लहान आतड्याच्या शेवटाला दीड सेंटिमीटरची गाठ दिसली. बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय. तोवर रक्तात क्रोमोग्रॅनिन ए (काही गाठींत वाढणारं प्रथिन) ३४० आलंय, मर्यादा १००. सीईए (कर्करोगाचा दुसरा एक मार्कर, म्हणजे रक्तातली खूण) नॉर्मल. घरात कुणाला झोप नाही.

उत्तर: आई पित्ताची गोळी घेतात का? पॅन्टोप्राझोल वगैरे?

प्रश्नकर्ता: हो, सहा वर्षं. रोज चहाच्या आधी.

उत्तर: मग तो आकडा तूर्त बाजूला ठेवा. या गोळीनं आम्ल घटतं, म्हणून गॅस्ट्रिन (आम्ल बनवायला सांगणारं हार्मोन) वाढतं आणि जठरातल्या पेशी क्रोमोग्रॅनिन जास्त सोडतात. माझंही तेच झालं. डॉक्टरांना विचारून दोन आठवडे गोळी बंद ठेवली, आकडा निम्म्यावर आला. गाठ मात्र खरीच निघाली, न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींची. ते ठरलं बायोप्सीनं, रक्तानं नव्हे. क्रिएटिनिनही बघून घ्या, किडनी मंद असली तरी हा मार्कर चढतो.

पुढे २४ तासांची लघवी साठवायला सांगतील, त्यात ५-एचआयएए (सेरोटोनिनपासून बनणारा पदार्थ) मोजतात. तीन दिवस आधीपासून केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो बंद. मी आदल्या रात्री वाटीभर शिकरण खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी तो भलामोठा कॅन घेऊन ऑफिसला! सगळं परत करावं लागलं. बायको अजून हसते.

दुसरं उत्तर: सीईए नॉर्मल म्हणून निर्धास्त राहू नका, या गाठींत तो बहुधा वाढतच नाही. बायोप्सीत केआय-६७ (किती पेशी वाढतायत त्याचं माप) किती टक्के ते बघा. ३ च्या खाली असेल तर ग्रेड १, म्हणजे सगळ्यात हळू वाढणारी.

प्रश्नकर्ता: शिकरण आईचं रोजचं आहे. आजपासून बंद.