लँकेस्टर समुद्रात पडलं: दोघांच्या कबरी डेन्मार्कमध्ये, पाच जणांची फक्त नावं रनीमीडला. असं का?

नकाशेवाला
दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या एका लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानाची माहिती जुळवतो आहे. एप्रिल १९४३च्या अखेरीस रात्री इंग्लंडहून निघालं, ते परतलंच नाही. सात जणांपैकी दोघं डेन्मार्कमधल्या एस्बियर्गच्या दफनभूमीत आहेत, उरलेल्या पाच जणांची नावं इंग्लंडमधल्या रनीमीडच्या स्मारकावर, म्हणजे ज्यांची कबर माहीत नाही अशा हवाई सैनिकांच्या स्मारकावर. स्क्वॉड्रनच्या नोंदवहीत उड्डाणानंतर काहीच कळलं नाही एवढंच आहे. तर विमान डेन्मार्कजवळच पडलं असं धरायचं का? आणि लँकेस्टरमध्ये रबरी होडी असायची, मग एकही जण कसा वाचला नाही?

स्पारमागे
आधी होडीचं सांगतो. ती उजव्या पंखात, मुळाशी, मागच्या कडेच्या कप्प्यात घडी करून ठेवलेली असे. पाणी लागलं की स्विच लागून कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीने आपोआप फुगायची. तो स्विच चालला नाही तर आतून ओढायची दोरी होती. पण या सगळ्यासाठी विमान पाण्यावर अखंड टेकायला हवं, आणि तिथेच बहुतेकांचा घात झाला.

ठरवून पाण्यावर उतरायचं तर इंजिनांत जोर असतानाच उतरायचं, पेट्रोल संपायची वाट पाहायची नाही. बॉम्ब टाकून द्यायचे, बॉम्बकप्प्याची दारं घट्ट बंद, चाकं वर, फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) थोडे खाली, शेपूट किंचित खाली ठेवून शक्य तितक्या कमी वेगाने. मोठ्या लाटा असतील तर त्यांना समांतर. वायरलेसवाल्याने संकटसंदेश पाठवून शेवटी मोर्सची कळ दाबून अडकवायची, म्हणजे किनाऱ्यावरच्या केंद्रांना दिशा घेता येते. वैमानिक पट्टे आवळून जागेवर, बाकीच्यांनी जमेल तितकं मेन स्पारजवळ, म्हणजे पंखांच्या आडव्या मुख्य तुळईजवळ, पाठ टेकून बसायचं. दणके दोन बसतात. पहिला शेपटीचा, हलका. दुसरा नाकाचा, आणि तोच जीवघेणा. पहिल्यानंतर ‘उतरलो’ समजून उठलेला माणूस दुसऱ्याला पुढे फेकला जायचा.

बॉम्बकप्प्याची दारं हा या विमानाचा खरा कच्चा भाग. ती फाटली की पाणी थेट पोटात घुसतं. छतातल्या झडपांतून बाहेर पडायला मग फार थोडा वेळ उरतो. हे सगळं अंधारात, जाड कपडे आणि बुटांसकट. रात्री पाण्याची उंची डोळ्यांनी ठरत नाही, हे वेगळंच.

पण तुमच्या विमानाला ही संधीच मिळाली नसावी. संदेश नाही, याचा अर्थ बहुधा फार अचानक झालं: रात्रीच्या लढाऊ विमानाचा मारा, किंवा कमी उंचीवर असताना जहाजावरच्या तोफा.

कागदपत्रं
कमी उंचीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. नोंदवहीत मोहिमेच्या जागी ‘गार्डनिंग’ लिहिलंय का ते पाहा. समुद्रात सुरुंग पेरायच्या कामाचं ते सांकेतिक नाव, आणि सुरुंग पेरायच्या सागरी पट्ट्यांनाही झाडाफुलांची नावं होती. फ्रिशियन बेटांजवळचा पट्टा ‘नेक्टरिन’. २८/२९ एप्रिल १९४३च्या रात्री २०७ विमानं सुरुंग पेरायला गेली, त्यांत ६८ लँकेस्टर. ढग खाली असल्यामुळे जर्मन आणि डॅनिश किनाऱ्यावरून फार खालून जावं लागलं आणि २२ विमानं परतली नाहीत. सुरुंग पेरताना एका रात्रीत झालेलं हे युद्धातलं सर्वांत मोठं नुकसान.

आता मुख्य प्रश्न. मृतदेह जिथे सापडला तिथे विमान पडलं, असं मुळीच धरू नका. उत्तर समुद्रातला प्रवाह ढोबळमानाने घड्याळाच्या उलट फिरतो: ब्रिटनच्या किनाऱ्याने दक्षिणेला, मग हॉलंड आणि जर्मनीच्या किनाऱ्याने डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पाकडे वर. थंड पाण्यात देह आधी बुडतो, वर यायला कित्येक आठवडे लागू शकतात, आणि मग वारा व प्रवाह त्याला नेतात. त्यामुळे हॉलंडसमोर पडलेल्या विमानातला माणूस डेन्मार्कला लागू शकतो. दोघांच्या सापडण्याच्या तारखा जवळजवळ असतील आणि जागाही, तर ते एकदमच विमानाबाहेर आले असावेत. उरलेले पाच बहुधा सांगाड्यातच राहिले.

नकाशेवाला
मोहीम गार्डनिंगचीच आहे. दोघांच्या तारखांत मात्र तीन आठवड्यांचं अंतर आहे. शोध घेतला गेला असेल का?

स्पारमागे
जागा कळल्याशिवाय शोध म्हणजे अंधारात चाचपडणं. २३ फेब्रुवारी १९४२ला नॉर्वेहून परतताना समुद्रात पडलेल्या बोफोर्ट या ब्रिटिश विमानाचं उदाहरण बघा. विमानातलं विंकी नावाचं कबुतर सुमारे १२० मैल उडून घरी पोचलं, तेही पंखांना तेल लागलेलं. त्याच्याजवळ चिठ्ठी नव्हती. विमान पडल्याची वेळ, पक्षी पोचल्याची वेळ, वारा आणि तेलामुळे मंदावलेला वेग यांचा हिशेब मांडून जागा काढली आणि चौघं वाचले. ५ मे १९४३ला हडसन विमानातून सोडलेली लाकडी होडी पहिल्यांदाच खऱ्या बचावात वापरली गेली, पण तीही आधी माणसं दिसली तरच उपयोगी.

कागदपत्रं
तीन आठवडे असतील तर मी ‘एकदम बाहेर आले’ म्हणणार नाही. किनाऱ्याचं नाव आणि तारीख दोन्ही मांडून मगच मागे मोजा, आणि उत्तर नकाशावरचा ठिपका नव्हे तर भलामोठा पट्टा येईल हे मान्य करून.

पुढची पायरी: लंडनमधल्या क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात स्क्वॉड्रनची वही एआयआर २७ मालिकेत आहे. ५४० नंबरच्या फॉर्मवर दिवसाचा सारांश, ५४१वर प्रत्येक विमान. एआयआर ८१ मध्ये जीवितहानीच्या फाइली टप्प्याटप्प्याने खुल्या होत आहेत. त्या आधी शोधा, कारण जिनिव्हाच्या रेडक्रॉसमार्फत आलेली जर्मन माहिती तिथेच असते.

आणि ‘रनीमीडवर नाव’ म्हणजे ‘सापडलाच नाही’ असं नेहमीच नसतं. ब्रिटिश ओळखबिल्ले दाबलेल्या फायबरचे होते, पाण्यात कुजायचे. त्यामुळे समुद्रातून आलेले बरेच जण ‘अज्ञात हवाई सैनिक’ म्हणून पुरले गेले. जटलंडच्या किनाऱ्यावरच्या दफनभूमींमधल्या अशा अज्ञात कबरींच्या १९४३च्या मे ते ऑगस्टमधल्या तारखा काढा. पद किंवा कामाचं चिन्ह, म्हणजे गनर (मशीनगन चालवणारा) की नॅव्हिगेटर (मार्ग ठरवणारा), नोंदलेलं असेल तर पाचपैकी कोण बसतो ते पडताळा. त्याच काळात बुडालेल्या इतर विमानांतले त्याच पदाचे सगळे एकेक करून वगळता आले, तरच राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे पाठवा. हवाई दलाच्या बाबतीत अखेरचा निर्णय ब्रिटिश संरक्षण मंत्रालय देतं. वगळलेल्या प्रत्येक नावापुढे कारण आणि फाइलचा क्रमांक लिहा, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो.