मदत हवी आहे: प्रवाळातून काढलेला सामू (पीएच) ८.५ येतोय, चुकतंय कुठे?

तिरफळ:
मालवणच्या प्रवाळावर एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, पूर्वी समुद्राचा सामू किती होता ते काढायचंय. सांगाड्यातल्या बोरॉन आयसोटोपची (जड आणि हलक्या बोरॉनच्या प्रमाणाची) व्हॅल्यू २४ आलीये, फॉर्म्युल्यात घातली की ८.५ येतं, समुद्र तर ८.१ च्या आसपास असतो ना! चार वेळा एक्सेल तपासलं. शुक्रवारी सरांना दाखवायचंय, प्लीज लवकर सांगा.

कोलंबीवाला:
एवढा कुटाणा कशाला? आमच्या तळ्यावर सामू मीटर आहे, दोन मिनिटांत आकडा. पहाटे कमी, दुपारी जास्त, कारण उन्हात शेवाळ कार्बन डायऑक्साइड खातं. मीटर धुतलंस का नीट?

तिरफळ:
काका, शंभर वर्षांपूर्वीच्या पाण्यात मीटर कसं बुडवू?

गणिती गाबीत:
प्रवाळाची जात कुठली? पाण्याचं तापमान किती धरलंस?

तिरफळ:
पोरायटिस. तापमान २५, शीटमध्ये आधीपासून होतं तेच.

गणिती गाबीत:
घ्या! आपल्याकडचं पाणी बहुतेक महिने २५ च्या वर असतं. २८ घाल.

खडपावरचा:
२८ घातलंस तरी फार तर पाच शतांश उतरेल, ८.५ चं ८.१ होणार नाही. एक्सेल बरोबरच आहे. प्रवाळ सांगाडा थेट समुद्राच्या पाण्यात बांधत नाही, पेशींच्या खाली पातळसा द्रव असतो त्यात बांधतो, आणि त्यातले प्रोटॉन बाहेर टाकून सामू चढवून ठेवतो म्हणजे अ‍ॅरागोनाइट (सांगाड्याचं खनिज) भराभर बसतं. बोरॉन त्या द्रवाचा सामू सांगतोय. बाहेर जेवढा बदल होतो त्याच्या निम्म्याहूनही कमी आत उमटतो, म्हणून त्या जातीचं कॅलिब्रेशन, म्हणजे आतल्या सामूवरून बाहेरचा काढायचं समीकरण, लागतं.

गणिती गाबीत:
म्हणजे तापमान चुकीचंच ठेवायचं?

खडपावरचा:
असं मी कुठे म्हटलं?

होडीवालो:
कोरलां बघूची असतील तर पावसात येव नकात, पानी गढूळ आसता. दिवाळीनंतर येवा, किल्ल्याच्या बाजूक स्नॉर्केलिंग करूया.

खडपावरचा:
तिरफळ, तुकडा आणलास कुठून? प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, उचलून आणता येत नाही.

तिरफळ:
मी नाही तोडला! कॉलेजच्या कपाटातला जुना आहे. लेबलवर 'मालवण' आणि पुढे शाईचा डाग.

खडपावरचा:
साल नाही? मग एक्स-रेत वर्षांचे पट्टे मोजशील, पण सुरुवात कुठल्या सालापासून?

तिरफळ:
एक्स-रे पण काढायचा असतो?