मार्गशीर्षात बेळगावहून किनाऱ्याचा चार दिवसांचा प्रवास: वेंगुर्ला-मालवण-देवगड की कारवार-गोकर्ण?

अनगोळकर (बेळगाव)

नमस्कार. मार्गशीर्ष शुद्ध दशमीला सकाळी बेळगावहून गाडीने निघून त्रयोदशीच्या रात्रीपर्यंत घरी परतायचे, असा आमचा बेत आहे. पौर्णिमेला दत्तजयंती असते आणि तिच्या तयारीसाठी आईला आदल्या दिवशी घरी असावेच लागते, त्यामुळे परतीचा दिवस पुढे ढकलता येणार नाही. सोबत आई, पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत. गाडी लहान आहे आणि ती चालवणारा मी एकटाच आहे. आईचे गुडघे दुखतात, शिवाय मार्गशीर्ष असल्याने ती मासे-मटण खात नाही.

मुलांनी समुद्र पाहिला आहे तो गोव्याच्या गर्दीच्या किनाऱ्यांवर. या वेळी एकाच ठिकाणी मुक्काम ठोकण्याऐवजी किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्याने, वाटेत थांबत थांबत प्रवास करावा असे मनात आहे. घाट उतरून आंबोलीमार्गे वेंगुर्ला, मालवण आणि देवगड करावे, की खानापूरहून खाली कारवार, गोकर्ण आणि मुर्डेश्वर करावे, यावर घरात एकमत होत नाही. कोणता घाट धरावा, कोठे थांबावे आणि काय सोडून द्यावे, याबद्दल या वाटांची चांगली माहिती असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

चंदगडी

आपल्या अटी पाहता मी वेंगुर्ला-मालवण-देवगड हाच मार्ग सुचवीन. त्याचे मुख्य कारण असे की दक्षिणेकडे राष्ट्रीय महामार्ग रुंद आणि वेगवान आहे, पण किनाऱ्याकिनाऱ्याने संथपणे जाणारा रस्ता आपल्याला हवा असेल, तर तो वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत मिळतो. या पट्ट्यात रस्ता आधी जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर चढतो, जिथे डिसेंबरात गवत वाळून पिवळे झालेले असते. मग वळणे घेत माडा-पोफळींच्या वाडीत उतरतो, खाडीवरचा पूल ओलांडतो आणि पुन्हा सड्यावर चढतो. त्यामुळे नकाशावर पन्नासेक किलोमीटर दिसणारे अंतर कापायला दोन तास सहज लागतात, आणि ते तसे लागू द्यावेत. दिवसाला एकच टप्पा ठेवावा.

घाट आंबोलीचाच धरावा. शिनोळी, पाटणे फाटा, चंदगड भागातून आंबोली आणि तेथून सावंतवाडी हे अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. तिलारीचा घाट दिसायला देखणा असला तरी चढ-उतार फार तीव्र आणि वळणे अडचणीची आहेत, त्यामुळे पाच माणसे आणि सामान भरलेल्या लहान गाडीने तो टाळलेला बरा. डिसेंबरात आंबोलीच्या मुख्य धबधब्याला फारसे पाणी नसते, म्हणून तेथे वेळ न घालवता हिरण्यकेशीच्या उगमाशी थोडे थांबावे. हीच नदी पुढे आजरा, गडहिंग्लज करत आपल्या संकेश्वरला येते आणि घटप्रभेला मिळते. मुलांना तिचा उगम दाखवला, तर भूगोलाच्या पुस्तकातली ती निळी रेघ त्यांना खरी वाटू लागेल. सावंतवाडीत मोती तलावाच्या काठावर जेवण करावे, चितारआळीत लाकडी खेळणी पाहावीत आणि दुपारनंतर वेंगुर्ल्याला पोहोचावे.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. किनाऱ्यावरच्या प्रवासाचे वेळापत्रक घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर बसवावे लागते आणि आपण तिथी आधीच ठरवल्यामुळे ते सोपे झाले आहे. कोकणातला जुना ठोकताळा असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी असते. दशमीला साडेसातच्या सुमारास, म्हणजे सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी, भरती असेल. म्हणून वेंगुर्ल्यात पहिल्या संध्याकाळी सागरेश्वराच्या किनाऱ्यावर बसून सूर्यास्त पाहावा, पण पाणी वर चढत असताना मुलांना समुद्रात उतरू देऊ नये. एकादशीला भरती सव्वाआठला आणि ओहोटी दुपारी सव्वादोन-अडीचला. द्वादशीला भरती नऊला आणि ओहोटी तीनला. या वेळा अर्ध्या-पाऊण तासाने मागेपुढे होतात, म्हणून त्या त्या गावच्या होडीवाल्यांना विचारून खात्री करून घ्यावी.

एकादशीला पहाटे लवकर उठून किनाऱ्यावर जावे. नशिबाने रापण लागलेली असेल, तर प्रवासातला तो सर्वांत मोठा ठेवा ठरेल. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाते आणि दुसरा दोर बऱ्याच अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा उभ्या राहून जाळे ओढू लागतात. ओढणारे टाचा वाळूत रुतवून मागे रेलतात, रांगेच्या शेवटी पोहोचलेला माणूस दोर सोडून पुन्हा पाण्याजवळ जाऊन पुढचा भाग धरतो, आणि जाळ्याचा खोल भाग जवळ येऊ लागला की कावळे, घारी आणि गावातली पोरे एकदमच गोळा होतात. वाळूवर बांगडे, तारले, पेडवे चमकू लागतात आणि तेथल्या तेथे वाटे पडतात. मुलांनी दोराला हात लावायची इच्छा दाखवली, तर बहुधा कोणी नाही म्हणत नाही. मात्र आधी विचारावे, कारण ही त्या माणसांची रोजीरोटी आहे.

तेथून म्हापण, परुळेमार्गे मालवणकडे निघावे. वाटेत निवतीला वळावे. खाली बंदराकडे उतरणारा रस्ता अरुंद आहे, तेव्हा वळणावर हॉर्न द्यावा आणि समोरून गाडी आल्यास मागे घेण्याची तयारी ठेवावी. वरून स्वच्छ हवेत समुद्रातले वेंगुर्ला रॉक्स आणि त्यांवरचे दीपगृह दिसते. पुढे चिपीवरून कर्ली खाडी ओलांडून मालवणला मुक्काम करावा. आईंच्या जेवणाची काळजी करू नये. एकादशी सोडली तर घावणे-चटणी, काळ्या वाटाण्याचे सांबारे, आंबोळ्या आणि सोलकढी हे मालवणी घरांतले रोजचेच शाकाहारी जेवण आहे. केवळ मुक्कामाच्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवावे.

द्वादशीला सकाळी पहिल्या होड्यांनी सिंधुदुर्ग पाहावा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी झाली. चारी बाजूंना खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि राजाराम महाराजांच्या काळात बांधलेले शिवराजेश्वर मंदिरही आहे. अकरापर्यंत मालवण सोडून आचऱ्यामार्गे कुणकेश्वरला अडीचच्या आसपास पोहोचावे, म्हणजे ओहोटीची वेळ साधेल. मंदिरासमोरच्या खडकांत कोरलेली शिवलिंगे पाणी ओसरल्यावरच दिसतात. तेथून तारामुंबरीच्या पुलावरून देवगड अगदी जवळ आहे. देवगडला डिसेंबरात आंबा मिळणार नाही, पण कलमांना मोहर येण्याचा तो हंगाम आहे.

कारवारची लेक (खानापूर)

दादा, चंदगडींनी फार चांगले लिहिले आहे, तरीही माझ्या माहेरच्या बाजूने दोन शब्द बोलणे मला आवश्यक वाटते, कारण आईंच्या गुडघ्यांचा विचार केला तर दक्षिणेकडचा मार्ग अधिक सोयीचा आहे. मुर्डेश्वरचे वीस मजली राजगोपुर २३७ फूट उंच आहे आणि त्यात लिफ्ट असल्याने पायऱ्या न चढता वरून सारा किनारा आणि १२३ फुटी शंकराची मूर्ती पाहता येते. गोकर्णात महाबळेश्वराचे दर्शन आणि कोटितीर्थ हे दोन्ही जवळजवळ आहेत. मोक्षदा एकादशीला गोकर्णात असणे हे आपल्या आईंना किती मोलाचे वाटेल, हे त्यांनाच एकदा विचारून पाहा.

जायचे असल्यास खानापूर, रामनगर, जोयडा, अणशी, कद्रा असे थेट कारवारला उतरावे. हा रस्ता काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो, त्यामुळे सकाळच्या उजेडात निघावे, रामनगरलाच पेट्रोल भरून घ्यावे आणि मोबाईलवर विसंबून राहू नये. कारवारात कोकणी आणि मराठी दोन्ही चालते, आईंना कोणाशीही बोलताना अडचण येणार नाही. येथल्या किनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचे नाव आहे, कारण त्यांचे बंधू सत्येंद्रनाथ कारवारला न्यायाधीश असताना ते १८८३ मध्ये काही काळ येथे राहिले होते. किनाऱ्यावर युद्धनौका चपळचे संग्रहालय आहे आणि मुलांना ते निश्चित आवडेल. कारवारच्या पुढे नौदलाचा तळ लागतो, त्या पट्ट्यात गाडी थांबवून छायाचित्रे काढू नयेत. कुमट्याच्या अलीकडे मिरजानचा किल्ला महामार्गापासून जवळ आहे आणि तेथे चढ फारसा नाही. परतीला अंकोल्याहून अरबैल घाट चढून यल्लापूर, हल्याळ, अळणावर असे यावे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे: महामार्गावरून समुद्र तुटक तुटकच दिसतो. किनाऱ्याकिनाऱ्यानेच जायचे हा आपला मूळ हेतू असेल, तर चंदगडींचे म्हणणे बरोबर आहे. आणि पावसाळ्यात या बाजूला कोणी निघणार असेल तर त्यांनी फार विचार करावा. जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळ शिरूरला महामार्गावर दरड कोसळून माणसे गेली, आणि पुढच्याच महिन्यात काळी नदीवरचा जुना पूल कोसळला. डिसेंबरात ती धास्ती नसते.

अनगोळकर (बेळगाव)

दोघांचेही मनापासून आभार. आईला विचारले. गोकर्णाचे नाव काढताच तिचा चेहरा खुलला, पण ते दर्शन घाईत नको, त्यासाठी स्वतंत्रपणे जाऊ असे तीच म्हणाली. तेव्हा या वेळी वेंगुर्ला, मालवण, देवगड हे नक्की केले आहे. दोन शंका उरतात. त्रयोदशीला देवगडहून विजयदुर्ग करून रात्रीपर्यंत बेळगाव गाठता येईल काय? आणि सिंधुदुर्गाच्या होडीत चढणे-उतरणे आईला जमेल काय?

निपाणीकर

परतीबद्दल मी सांगतो, कारण देवगड-निपाणी हा आमच्या नेहमीच्या येण्याजाण्याचा रस्ता आहे. देवगडहून नांदगाव, फोंडा, फोंडाघाट, दाजीपूर, राधानगरी, मुदाळ तिट्टा आणि निपाणी असे यावे. निपाणीहून बेळगावपर्यंत महामार्ग सरळ आहे. घाट चढून वर आल्यावर दाजीपूरचे गव्यांचे अभयारण्य लागते आणि संध्याकाळनंतर गवे रस्त्यावर येतात, म्हणून एकट्या चालकाने तो भाग उजेडातच पार करावा. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारू लागते, तेव्हा देवगड किंवा विजयदुर्ग जे काही असेल ते दुपारी बाराच्या आत सोडलेले असावे.

विजयदुर्ग पाहण्यासारखा आहे यात वाद नाही. तिहेरी तटबंदी, तीन बाजूंना पाणी, आणि १७५६ पर्यंत आंग्र्यांच्या आरमाराचे ते मोठे ठाणे होते. पण हा किल्ला नीट पाहायला निदान अडीच-तीन तास हवेत आणि आत बरेच चालावे लागते. आपल्या वेळेत तो उरकावा लागेल, आणि उरकण्यासाठी तिकडे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी त्रयोदशीच्या सकाळी देवगडचा किल्ला आणि दीपगृह पाहावे. तेथे गाडी बरीच जवळ जाते, आईंनाही येता येईल. नंतर राधानगरीला धरणाजवळ चहासाठी थांबावे. शाहू महाराजांनी उभारायला घेतलेले हे धरण मुलांना दाखवायलाच हवे.

चंदगडी

निपाणीकर काकांशी पूर्ण सहमत आहे. होडीबद्दल सांगायचे तर, धक्क्यावरून होडीत पाऊल टाकताना खालीवर हलणाऱ्या काठावर तोल सांभाळावा लागतो आणि किल्ल्याच्या बाजूला उतरल्यावर दगड ओलसर असतात. पाणी भरलेले असताना होडी धक्क्याच्या उंचीला येते, म्हणून द्वादशीला साडेआठ-नऊची वेळ आईंसाठी सर्वांत सोयीची ठरेल. होडीवाल्यांना आधी सांगितले तर ते हात देऊन उतरवून घेतात. तरीही धक्क्यावर गेल्यावर लाटा पाहून त्यांचे मन मागे आले, तर आग्रह करू नये. पत्नी किंवा आपण, दोघांपैकी एकाने त्यांच्यासोबत थांबून मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याकडे जावे; तेथे गणपती, चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत, किल्ल्याच्या पायाभरणीच्या वेळी महाराजांनी तेथेच पूजा केली असे सांगतात, आणि समोर पाण्यात सगळा सिंधुदुर्ग दिसतो. होड्या सुरू आहेत की नाही, हे एकादशीच्या संध्याकाळीच धक्क्यावर विचारून ठेवावे, कारण वारा वाढला की डिसेंबरातही त्या थांबवतात.