दोघांचाही सिकलसेल रिपोर्ट ‘एएस’ आहे, लग्न मोडायचं का?

बांधीवाला (सिंदेवाही तालुका):

नमस्कार मंडळी. माझं वय २६, घरी चार एकर धानाची बांधी आहे. दिवाळीनंतर धानाचं चुरणं आटोपलं की लग्न ठरलं आहे. मुलगी नागभीडकडची. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले, दोन्ही घरी पेढे वाटून झाले. मागच्या आठवड्यात तिच्या गावात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं तपासणी शिबिर होतं, तिचा रिपोर्ट एएस, म्हणजे वाहक, असा आला. माझा कॉलेजात असतानाच एएस आला होता, पण कागद ट्रंकेत पडून होता. मला कधी काही झालंच नाही. रोवण्याच्या दिवसांत सकाळपासून चिखलात असतो, धानाचं पोतं एकटा उचलतो. परवा तो कागद काढून आईला दाखवला.

आता आई म्हणते लग्न मोड. मामा म्हणतात, दोघंही धडधाकट, मग लेकरं कायले बिमार पडतीन? पण माझ्या काकाचा मुलगा एसएस, म्हणजे सिकलसेलचा रोगी होता, दहावीत असताना गेला. त्याचं रात्रभराचं कण्हणं मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे.

हे डीएनएमध्ये आहे म्हणतात, म्हणजे नेमकं कुठे? औषधानं, खाण्यापिण्यानं दुरुस्त होत नाही का? आम्ही लग्न करावं का? तिचा रोज फोन येतो, मी धानाच्या गोष्टी करून ठेवून देतो.

रक्त तपासणारी ताई (गडचिरोली जिल्हा):

भाऊ, मी १४ वर्षांपासून आरोग्य केंद्रात रक्त तपासते. सावकाश वाच.

दोन पेडांची दोरी पाहिली आहेस ना? डीएनए तशीच पीळ दिलेली असते, फक्त दोन पेडांच्या मधे शिडीसारख्या पायऱ्या असतात. प्रत्येक पायरी दोन अक्षरांची. अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. एच्या समोर टीच बसते, जीच्या समोर सीच. म्हणून पेड उलगडले तरी एका पेडावरून दुसरा जसाचा तसा तयार होतो. रोझालिंड फ्रँकलिन यांच्या कामातून मिळालेल्या क्ष-किरण छायाचित्राचा आधार मिळाला आणि १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी ही रचना मांडली. नक्कल इतकी हुबेहूब होते म्हणूनच आजोबाचं नाक नातवाला येतं आणि एखादी चूकही तशीच्या तशी पुढे जाते.

तुझी चूक अकराव्या गुणसूत्रावर, म्हणजे डीएनएच्या अकराव्या गुंडाळीवर आहे. हिमोग्लोबिनची बीटा साखळी कशी बांधायची ते तिथे लिहिलेलं असतं. त्या साखळीत १४६ मणी. सहाव्या मण्यासाठी ‘जीएजी’ अशी तीन अक्षरं हवीत, तिथे ‘जीटीजी’ झालं आहे. सुमारे तीन अब्ज अक्षरांत एका अक्षराची अदलाबदल. पण त्यामुळे पाण्यात रमणाऱ्या मण्याच्या जागी पाणी टाळणारा मणी येतो. पेशीनं ऑक्सिजन सोडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या बनवतं, आणि गोल, मऊ लाल पेशी ताणून इळ्यासारखी वाकडी होते. आपण धान कापतो तो इळा. वाकड्या पेशी बारीक नसांत अडकतात, पुढे रक्त जात नाही, तिथे ती हाडं फोडणारी कळ उठते. चांगली लाल पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही, डोळे पिवळे दिसतात.

तुला काही होत नाही कारण तुझ्याकडे त्या मजकुराच्या दोन प्रती आहेत, एक आईची, एक वडिलांची. एक बिघडलेली, तिला एस म्हणतात, एक चांगली, तिला ए (हा ए डीएनएच्या अक्षरातला नव्हे), म्हणून रिपोर्ट एएस. चांगल्या प्रतीचं हिमोग्लोबिन अर्ध्याहून जास्त असतं आणि ते काड्या बनू देत नाही. तू वाहक आहेस, रोगी नाहीस. तीही नाही. मामांचं तेवढं बरोबर.

पुढचं मात्र चुकीचं. लेकराला तुझी एक आणि तिची एक प्रत जाते, कोणती ते कोणाच्या हातात नाही. दर गरोदरपणात एसएसची शक्यता २५ टक्के, एएसची ५०, दोन्ही प्रती चांगल्या असण्याची २५. पहिलं लेकरू चांगलं निघालं म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही, चिठ्ठ्या दरवेळी नव्यानं पडतात.

शिबिरात आम्ही काय करतो ते सांगते. छोट्या नळीत औषधाचं पाणी, त्यात बोटाचा रक्ताचा थेंब. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक, पाणी गढूळ होऊन रेघा बुजल्या तर एस आहे. पण ही नळी एएस आणि एसएस वेगळं सांगत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. लग्नाआधी दोघांनीही एचपीएलसी करून घ्या. थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचं वाहकपणही त्यातच कळतं. सरकारी दवाखान्यात विचार.

खाण्यापिण्यानं ते अक्षर बदलत नाही. रक्तशुद्धीची पुडी, जडीबुटी, कोणी काहीही देवो, पैसे देऊ नको. अक्षरापर्यंत पोहोचणारा उपचार आता निघाला आहे: रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी काढून त्यांच्या डीएनएत बदल करतात, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, किंमत वीस लाख डॉलरहून जास्त. आपल्यापर्यंत यायला वेळ आहे.

मोड म्हणणार नाही, कर म्हणणार नाही. दोघं वाहक असून लग्न केलेली जोडपी मला माहीत आहेत. गरोदरपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन बाळाचा डीएनए तपासता येतो. त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागतं आणि दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावं लागतं. पण मला एकच गोष्ट खटकली. तिचा रिपोर्ट तुला माहीत आहे. तुझा तिला माहीत आहे का?

एका लेकराची आई (यवतमाळ जिल्हा):

ताईंनी सगळं सांगितलं, मी घरातलं सांगते. माझा मुलगा एसएस, आता ११ वर्षांचा. सहा महिन्यांचा होईपर्यंत छान होता, नंतर एका सकाळी दोन्ही हातांची बोटं पुरीसारखी फुगली. एका खाजगी दवाखान्यात ‘रक्त कमी आहे’ म्हणून दीड वर्ष लोहाचं टॉनिक देत राहिले, कोणी सिकलसेल तपासला नाही. आम्हा दोघांचा रिपोर्ट लग्नाआधी निघाला असता तर पहिल्या आठवड्यातच कळलं असतं. तो राग अजून जात नाही.

आता हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध आणि फॉलिक ॲसिड रोज. शाळेत जाताना दोन बाटल्या पाणी. उन्हाळ्यात दुपारी बाहेर नाही, थंडीत पायमोजे घालूनच झोपतो. ताप आला की वाट न पाहता दवाखाना. हिवाळ्यातल्या तीन रात्री मी त्याच्या गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लावून बसले होते, तो म्हणत होता आई, हाडात कोणी खिळा ठोकते. तरी तो शाळेत पहिल्या पाचात आहे. तुमच्या काकांच्या मुलाच्या वेळेपेक्षा आता पुष्कळ होतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, प्रमाणपत्र निघतं, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

पण भाऊ, ते दुखणं मी कोणाच्या लेकराला मागणार नाही. तपासून घ्या.

बांधीवाला:

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून फोन खाली ठेवला आणि बांधावर जाऊन बसलो. माहीत नव्हता. काल संध्याकाळी तिला सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मला आशाताईनं विचारलं होतं नवरदेवाची तपासणी झाली का, मी म्हटलं झाली असेल. मग विचारलं, आधी काहून नाही सांगितलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आज सकाळी तिचाच फोन आला. सोमवारी दोघं जिल्ह्याच्या दवाखान्यात एचपीएलसीसाठी जातो आहोत. तिचे बाबाही येणार आहेत. समुपदेशक असतात म्हणे, त्यांना वारेच्या तपासणीचं विचारायचं, कुठे होते, किती लागतात. पत्रिका छापायला टाकली होती, ती थांबवली आहे. आई अजून बोलत नाही. रिपोर्ट आला की इथे टाकतो.