प्रतिसाद: कल्चर निगेटिव्ह म्हणजे सेप्सिस नाही?

एकाने विचारलंय, ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) निगेटिव्ह आलं तर सेप्सिसचं (संसर्गामुळे अवयव बिघडण्याचं) निदान चुकलं का? तसं नाही. सेप्सिसच्या बऱ्याच रुग्णांत जंतू सापडतच नाहीत. 2016 च्या व्याख्येतही कल्चरची अट नाही. संसर्गामुळे सोफा स्कोअर (अवयव किती बिघडलेत ते मोजणारे गुण) 2 किंवा अधिक वाढणं, हा निकष आहे.

पण निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबण्याआधी रक्त कसं घेतलं ते बघा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे कमी रक्त. प्रौढांच्या रक्तात जंतू फार विरळ असतात, कधीकधी मिलिलिटरला एकापेक्षाही कमी. म्हणून प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली, दोन वेगळ्या जागांहून दोन सेट (प्रत्येकात एक एरोबिक, म्हणजे ऑक्सिजनवर वाढणाऱ्या जंतूंची, आणि एक ॲनएरोबिक, म्हणजे ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्यांची बाटली), एकूण चार बाटल्या. बटरफ्लाय सुई (बारीक नळी जोडलेली) असेल तर एरोबिक बाटली आधी भरा, कारण नळीतली हवा त्यात गेली तर बिघडत नाही. क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोल (जंतुनाशक) लावल्यावर त्वचा वाळू द्या (घाईत हेच राहतं) आणि नंतर शीर पुन्हा चाचपू नका. बाटलीचं रबरी बूचही पुसायचं असतं. चारपैकी एकाच बाटलीत कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस हा जंतू आला, तर तो बहुधा त्वचेवरचाच, रक्तातला नाही.

दुसरं, वेळ. 2019 च्या एका अभ्यासात 325 रुग्णांची कल्चर्स अँटिबायोटिकच्या आधी आणि ते सुरू केल्यावर दोन तासांच्या आत पुन्हा घेतली: आधी पॉझिटिव्ह 31.4 टक्के, नंतर 19.4. तरीही शॉकमधल्या (रक्तदाब धोकादायक घसरलेल्या) रुग्णाची शीर सापडत नसेल तर कल्चरसाठी औषध अडवून ठेवू नका.